माळ्यावर सापडलेला पेंटियम ४, बंदुकीचा व्हिडिओ गेम आणि नोकिया ११००: चालू करायच्या आधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की कोथरूडची तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिन्याभरात फ्लॅट रिकामा करून द्यायचाय, आणि माळा उपसताना हे सगळं निघालं: पेंटियम ४ चा असेम्बल्ड पीसी, त्याचा १७ इंची जाडजूड मॉनिटर, 'मीडिया' लिहिलेला व्हिडिओ गेम बंदुकीसकट, थोड्या कॅसेटी, सीडींचं पाऊच, फ्लॉपीचा डबा आणि आजोबांचा नोकिया ११००. यातलं काय चालू होईल, गेम खेळता येतील का, विकून काही मिळेल का, की सरळ भंगारवाल्याला बोलवू. आणि जाता जाता एका ओळीत तू हेही लिहिलंयस की आजोबा या पीसीवर मासिकासाठी लेख टाइप करायचे, ते पण मिळाले तर बरं.

मी बुधवार पेठेत रिपेअरिंग करतो, आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर, आता मोबाईल पण येतात, त्यामुळे असा माळ्यावरचा माल टेबलावर नेहमीच असतो. तर उत्तर देतो पण तुझ्या क्रमाने नाही. तू गेमपासून सुरुवात केलीस आणि लेख शेवटी घातलेस, मी उलटं जाणार, कारण गेम जगात कुठेही पुन्हा मिळतील, आजोबांचे लेख त्या एका हार्ड डिस्कवर सोडून बहुतेक कुठेच नाहीत.

पहिली गोष्ट, आत्ता काहीही प्लगला लावू नकोस. सगळ्यांना तोच मोह होतो, बटण दाबून बघूया काय होतंय. इतकी वर्षं बंद असलेल्या पीसीत काय काय झालेलं असतं ते सांगतो. एसएमपीएसमधले (आत वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा) आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर सुकलेले असतात. त्यात साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या बऱ्याच बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर लागले होते, जगभर गाजलेलं प्रकरण आहे ते, आणि पेंटियम ४ नेमका त्याच काळातला. कॅबिनेटचं झाकण काढून टॉर्च मारून बघ, प्रोसेसरच्या आजूबाजूच्या नळकांड्यांची, म्हणजे त्या कपॅसिटरची, डोकी सपाट असायला हवीत, फुगलेली असतील किंवा वर तपकिरी खरपुडी आलेली असेल तर तो बोर्ड गेलेला समज. मग धूळ, झुरळं, पालीची अंडी हे तर असतंच, पुण्यातला पावसाळा किती वेळा त्या माळ्यावरून गेलाय त्याचा विचार कर. आणि एसएमपीएसच्या मागे वायरीच्या सॉकेटशेजारी एक छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते २३० वरच आहे ना बघ. माळ्यावर सामान सरकवताना ते सरकलेलं असू शकतं, आणि ११५ वर असताना आपल्या लाईनला लावलंस तर एक मोठा आवाज आणि थोडा धूर, बाकी काही बघायला मिळणार नाही.

आम्ही असा सेट डायरेक्ट लाईनला लावतच नाही, सिरीज लॅम्पवर घेतो. म्हणजे मध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटून राहतो आणि सेट वाचतो, नसेल तर क्षणभर पेटून मंद होतो. तू घरी हा प्रयोग करू नकोस, आणि एसएमपीएसचा डबा तर उघडूच नकोस, प्लग काढलेला असला तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी साठून राहू शकतं.

पण खरं सांगायचं तर पीसी चालू करायची गरजच नाहीये. तुला त्यातली फक्त हार्ड डिस्क हवीय. चार स्क्रू, एक रुंद पट्टीची केबल, एक चार वायरींचा पॉवर कनेक्टर, बस. पट्टीची केबल असेल तर ती आयडीई, ४० पिनांची, बारीक लाल केबल असेल तर साटा. दोन्हीला चालतो असा यूएसबी अॅडॅप्टर तपकीर गल्लीत सहज मिळतो, फक्त घेताना त्याच्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा पॉवर अॅडॅप्टर आहे ना ते बघून घे, कारण ३.५ इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही आणि मग लोक म्हणतात डिस्क मेली. आयडीई असेल तर मागचा छोटा जंपर मास्टरवर ठेव, डिस्कच्या स्टिकरवर आकृती छापलेली असते.

लावल्यावर आवाज ऐक. नुसती घूं अशी एकसारखी घरघर आली तर छान. टक टक टक असा ठरावीक आवाज आला तर लगेच बंद कर आणि पुन्हा लावू नकोस, हेड गेलेलं आहे, प्रत्येक वेळी लावताना आतल्या तबकडीवर आणखी ओरखडे पडतात. तिथून पुढे डेटा रिकव्हरीवाल्याचं काम, खर्चिक आहे, पण तो निर्णय घरच्यांनी लेखांची किंमत काय ते बघून घ्यायचा.

डिस्क नीट फिरली तरी एकेक फोल्डर उघडत बसू नकोस. आधी अख्ख्या डिस्कची इमेज काढ, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उतरवलेली एक मोठी फाइल. लिनक्स पेनड्राइव्हवरून बूट करून जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडलेल्या जागांवर नंतर पुन्हा जातो, म्हणजे डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक माल हातात आलेला असतो. त्या काळातली डिस्क ४० किंवा ८० जीबीची असणार, आजच्या १२८ च्या पेनड्राइव्हमध्ये मावते, फक्त पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा ठेवू नकोस, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एकदा इमेज आली की मूळ डिस्क कापडात गुंडाळून कपाटात, आणि पुढचे सगळे उद्योग कॉपीवर.

फ्लॉपींचंही तेच. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, १.४४ एमबीच्या फ्लॉपी वाचतो. पण आधी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतल्या काळ्या चकतीवर पांढरट ठिपके आहेत का बघ. ती बुरशी असते, तशीच ड्राइव्हमध्ये घातलीस तर ती फ्लॉपी तर जातेच, ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीही ओरबाडते. आणि जुन्या फ्लॉपीत काही नसतं असं समजू नकोस. प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम माहीत असेल, १९८९ चा, तो एकट्याने लिहिणारा जॉर्डन मेकनर, त्याचा मूळ सोर्स कोड हरवलाय असंच तो धरून चालला होता, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं त्यात फ्लॉपी होत्या. पण त्याने काय केलं बघ, हाताला लागेल त्या ड्राइव्हमध्ये त्या कोंबल्या नाहीत, जुन्या अॅपल मशीनमधली जाणकार माणसं बोलावली, त्यांनी एकेक करून वाचल्या, आणि मग तो कोड सगळ्यांना बघायला नेटवर टाकला.

आता आजोबांचे लेख. ही जागा अशी आहे जिथे भलेभले गडबडतात, म्हणून जरा लांबण लावतो. तू डिस्कवरची डॉक फाइल उघडशील आणि तुला दिसेल कचरा, इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टोप्या घातलेले स्वर. फाइल करप्ट झाली म्हणून डिलीट करू नकोस!! ती फाइल धडधाकट आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती वापरण्याजोगी आली विंडोज २००० आणि एक्सपीपासून, आणि एक्सपीमध्येसुद्धा रीजनल सेटिंगमध्ये जाऊन वेगळी टिक करून इन्स्टॉलची सीडी घालावी लागायची, कोण करतंय. त्यामुळे डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे), मासिकवाले, घरी टाइप करणारे सगळे श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, नाहीतर सीडॅकचे सुरेख, योगेश असले फॉन्ट वापरायचे. यातली श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आणि सीडॅक पण आपल्या पुण्यातलंच, १९८८ मध्ये सुरू झालेलं, परम सुपरकॉम्प्युटर ज्यांनी बनवला तेच. या फॉन्टांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचा तुकडा दाखवतो. काना वेगळा तुकडा, वेलांटी वेगळी, अर्धा श वेगळा, आणि प्रत्येक कंपनीची जुळणी वेगळी. म्हणजे फॉन्ट नसेल तर लेख नाही.

म्हणून इमेजमधून सगळ्यात आधी काय काढायचं, तर विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स नावाचा अख्खा फोल्डर. लेखांच्या फोल्डरच्या आधी तो. आजोबांनी जो फॉन्ट वापरला तो नेमक्या त्याच व्हर्जनचा तिथे असणार, नेटवर त्याच नावाचा मिळाला तरी जुळणी वेगळी असू शकते. तो फॉन्ट आजच्या मशीनवर टाकला की बऱ्याचदा फाइल जशीच्या तशी दिसायला लागते, मग पहिलं काम तिची पीडीएफ करून ठेव. म्हणजे निदान वाचता येईल आणि छापता येईल असं काहीतरी कायमचं झालं.

त्यानंतर युनिकोडमध्ये बदल. कन्व्हर्टर बरेच आहेत, फुकट आहेत, पण फॉन्टनिहाय वेगळे आहेत आणि कुठलाच शंभर टक्के नाही. दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक म्हणजे पहिली वेलांटी, ती जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची कारण दिसते आधी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते. दुसरा रफार, तो उलटा, जुन्यात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. तर बदल केल्यावर 'स्थिती', 'निश्चित', 'कार्य', 'धर्म' असले शब्द शोधून बघ, ते बरोबर आले असतील तर बाकीचं बरंच बरोबर आलेलं असतं. त्या वेळी कोणी पेजमेकर, म्हणजे पानं लावायचा प्रोग्राम, वापरत असेल तर फाइलचं एक्स्टेन्शन वेगळं दिसेल आणि वर्डमध्ये उघडणार नाही, तेव्हा घाबरू नकोस, डीटीपीवाल्या एखाद्या काकांकडे जुनं मशीन अजून असतं, सदाशिव-नारायण पेठेत छपाईवाल्यांकडे विचारलंस तर कोणी ना कोणी निघेल.

सीडीचं पाऊच. छापील गेमच्या, गाण्यांच्या सीडी टिकतात, घरी राइट केलेल्या लवकर जातात, त्यातला रंगाचा थर उडतो. आधी घरी राइट केलेल्या सगळ्या कॉपी करून घे. त्यात लग्नाची व्हीसीडी असेलच, कोणाच्याही घरी असते. ती उघडली की आत एक मोठी डॅट फाइल दिसते आणि साध्या कॉपी-पेस्टला विंडोज मध्येच एरर देतं. सीडी खराब असेलच असं नाही, व्हीसीडीवर व्हिडिओ साठवायची पद्धतच साध्या डेटापेक्षा वेगळी असते. व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क म्हणून उघड आणि तिथूनच कन्व्हर्ट करून सेव्ह कर. चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, मोठ्या टीव्हीवर ठोकळे दिसणार, ते एआयने साफ करायच्या नादी लागू नकोस, आत्याचं नाक बदलतं.

झालं कामाचं. आता गेम.

तो मीडियाचा डबा म्हणजे जपानच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. खरा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला, आपल्याकडे नव्वदीत घराघरात गेल्या त्या त्याच्या कॉप्या. आत उघडून बघशील तर बहुतेकांत चिपच्या जागी एक काळा डांबराचा थेंब दिसेल, सगळा फॅमिकॉम त्या एका थेंबात. प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा आणि रॅम २ केबी, आणि त्याच्यावर मारिओ चालायचा जो अख्खा ४० केबीत बसवलाय, सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायला काय काय केलंय ते बघ, मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदलला. एकदा कळलं की पुन्हा वेगळं दिसतच नाही.

चालू करायचं तर आधी अॅडॅप्टर. मूळचा हरवला असेल आणि तू राउटरचा लावायला जाशील तर थांब. पिन बसते म्हणजे चालतो असं नाही. डब्याच्या खाली किंवा मागे व्होल्ट आणि पोलॅरिटीचं चिन्ह असतं, गोलात प्लस-मायनस, आतली पिन मायनस आहे का प्लस ते बघ. खऱ्या फॅमिकॉमला आतली पिन मायनस लागते, आजचे बहुतेक अॅडॅप्टर आतून प्लस असतात, आणि नकली डब्यांत दोन्ही प्रकार निघतात. चिन्ह पुसलं असेल तर एखाद्या रिपेअरिंगवाल्याकडून मल्टीमीटर लावून बघून घे, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नकोस. मला माहितीय की आपण सगळ्यांनी तेच केलंय आणि ते चालायचं पण, पण चालायचं ते फुंकरीमुळे नाही, काढून परत बसवल्यावर पिना जरा वेगळ्या जागी टेकायच्या म्हणून. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, खुद्द निन्टेन्डोने सुद्धा फुंकू नका म्हणून सांगितलंय. आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, कानाच्या बडला लावून त्या ६० पिना दोन्ही बाजूंनी पूस, काळं निघेल, निघत राहीपर्यंत पूस. फारच गंजली असेल तर पांढरा खोडरबर हलक्या हाताने, रॅमचे पाय आम्ही अजून तसेच साफ करतो.

'९९९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट असेल तर तो आकडा नुसता मेनूतला आहे, आत थोडेच गेम असतात, तेच पुन्हा वेगळ्या नावाने, कधी तिसऱ्या लेव्हलपासून, कधी जास्तीच्या लाइफ देऊन. कॉन्ट्रा असेल तर सुरुवातीच्या स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, आणि स्टार्ट, ३० लाइफ मिळतात. हा कोड मुळात कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोने १९८६ च्या सुमाराला ग्रेडियस हा गेम टेस्ट करताना स्वतःसाठी घातला होता, त्याला त्याचाच गेम फार अवघड जात होता.

आणि आता बंदूक, ज्याच्यासाठी मला वाटतं तू एवढा सगळा प्रश्न विचारलायस. ती तुझ्या घरच्या एलईडी टीव्हीवर चालणार नाही. बंदूक बिघडलेली नाही, तिचं गणितच जुन्या टीव्हीवर आहे. बंदुकीतून काही बाहेर जात नाही, उलट तिच्या नळीत एक प्रकाश ओळखणारा डायोड असतो. बदकं मारायच्या गेममध्ये तू ट्रिगर दाबलास की गेम पूर्ण स्क्रीन एका फ्रेमपुरती काळी करतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर बदक पडलं, नुसताच उजेड दिसला तर तू बल्बवर बंदूक धरलीयस. दोन बदकं असतील तर दोन फ्रेमना दोन चौकोन, कुठल्या फ्रेमला उजेड आला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. जुन्या पिक्चर ट्यूबवर ही फ्रेम त्याच क्षणी दिसते. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो, तोपर्यंत गेमने बंदुकीला विचारून झालेलं असतं. शिवाय मूळ बंदुकीत एक फिल्टर असतो जो ट्यूबच्या रेषा ज्या वेगाने काढल्या जातात त्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या लयीलाच दाद देतो, एलईडीच्या उजेडाला ती लयच नाही.

मग तू म्हणशील की पीसीचा जाड मॉनिटर आहे ना, तो पण ट्यूबचाच. नाही चालणार. पीसी मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या पुढे चालतो, गेमचं पिवळ्या पिनेचं सिग्नल तो घेतच नाही, आणि मध्ये कन्व्हर्टरचा डबा लावलास की पुन्हा तोच उशीर आला. तुला हवाय जुना ट्यूबवाला टीव्ही, २१ इंची पुरे, मागे पिवळी-पांढरी पिन असलेला. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारलीस तर दिसेल, पण त्याआधी तुमच्याच सोसायटीत विचार, सगळेच फ्लॅट रिकामे होतायत, कोणीतरी फुकट वर चहा पाजून देईल. तो टीव्ही मात्र तू स्वतः उघडायचा नाही, ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीखाली २०-२५ हजार व्होल्ट असतात.

बंदूक सोडून बाकीचे गेम नव्या टीव्हीवर चालतील, एव्ही टू एचडीएमआय डबी लागेल. विकत घेताना नाव नीट वाच, एचडीएमआय टू एव्ही ही दिसायला तशीच पण उलटी डबी असते आणि दुकानदारसुद्धा चुकीची देतात. टीव्हीला गेम मोड असेल तर लाव, नाहीतर मारिओ उडी उशिरा मारतोय असं वाटेल.

नुसते गेमच खेळायचे असतील तर मी एवढा खटाटोप करणार नाही. फोनवर रेट्रोआर्क (जुने गेम चालवणारं अॅप) आणि एक ब्लूटूथ कंट्रोलर, किंवा घरात पडलेला रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) असेल तर त्याच्यावर बॅटोसेरा (जुन्या गेमसाठीची सिस्टीम), काम झालं. पेंटियम ४ चा नुसता प्रोसेसर ८० वॉटच्या आसपास खातो, रास्पबेरी पाय सगळा मिळून पाच-सातात भागवतो. डॉसच्या काळातले गेम तर इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून ब्राउझरमध्येच खेळता येतात, आणि शाळेच्या लॅबमध्ये चोरून खेळायचास ते फ्लॅशचे गेम, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं तरी रफल नावाच्या एम्युलेटरवर त्यातले पुष्कळ अजून चालतात. रॉमबद्दल, म्हणजे कॅसेटमधल्या गेमच्या उतरवलेल्या फाइलबद्दल, एवढंच, की आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःकडच्या प्रोग्रामचा बॅकअप ठेवायला मुभा आहे, दुसऱ्याने नेटवर टाकलेला उतरवायला ती लागू होत नाही. आता तुझ्या मीडियाच्या कॅसेटीच मुळात चोरीच्या, हा भाग वेगळा.

पाऊचमधल्या एक्सपीच्या काळातल्या गेमच्या सीडी मात्र जरा वेगळं प्रकरण. आजच्या ६४ बिट विंडोजवर काहींचा सेटअपच उघडत नाही, कारण गेम ३२ बिट असला तरी सेटअप १६ बिटचा असायचा आणि ६४ बिट विंडोज १६ बिटचं काहीच चालवत नाही. आणि ज्यांना कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कचं कुलूप होतं त्यांचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने ठेवलाच नाही, सुरक्षेला भोक होतं त्यात. असा एखादा जिवाभावाचा गेम असेल, आणि डेटा निघून झाल्यावर बोर्ड धड निघाला, तरच तो पीसी ठेवायला अर्थ आहे. सीआर२०३२ सेल बदल, तीन व्होल्टचा, नाहीतर प्रत्येक वेळी तारीख भलतीच दाखवेल, प्रोसेसरची थर्मल पेस्ट नवी लाव, आणि नेटला जोडू नकोस. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपले, आणि तसंही त्यातल्या जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतच नाहीत.

नोकिया ११००. मागचं झाकण काढून बीएल-५सी बॅटरी टेबलावर आडवी ठेव आणि बोटाने फिरव, भोवऱ्यासारखी फिरली तर फुगलीय, टोचून वगैरे बघू नकोस, बदल. नवी बॅटरी सगळीकडे मिळते कारण एफएम रेडिओपासून भजनाच्या डब्यापर्यंत सगळ्यात तीच असते, पण फार स्वस्तातली घेऊ नकोस, या बॅटरीचा इतिहास बरा नाही, २००७ मध्ये नोकियाने स्वतःच ४ कोटी ६० लाख नगांबद्दल बदलून देण्याची सूचना काढली होती. चार्जर जाड पिनेचा लागतो, नंतरचा बारीक पिनेचा बसत नाही. सिम टाकायचं तर जिओ विसर, त्यांच्याकडे २जी नाहीच, एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं चालेल, नॅनो सिमला मोठी चौकट लावून. चालू झाला की इनबॉक्स वाच, आजोबांचे मेसेज असतील तर सरळ दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढ, त्याला केबल लावून डेटा काढायच्या भानगडीत पडू नकोस. आणि हो, स्नेक टू आहे त्यात. स्नेक पहिल्यांदा १९९७ मध्ये नोकिया ६११० वर आला होता.

विकण्याचं म्हणशील तर फार आशा धरू नकोस. मीडियाचा डबा बंदूक आणि खोक्यासकट असेल तर हौशी लोक घेतात, खोकं नसेल तर भाव पडतो. पेंटियम ४ ला कोणी विचारत नाही. मॉनिटर भंगारवाला घेईल पण तो बहुतेक तांब्यासाठी ट्यूब फोडणार, आणि त्या काचेत शिसं असतं, त्यामुळे तो ई-वेस्टलाच दे, 'स्वच्छ' संस्थेची माणसं तुमच्याकडे कचरा न्यायला येत असतील तर त्यांना विचार, ई-कचरा कुठे द्यायचा ते सांगतील. पीसी देताना आतून हार्ड डिस्क काढलीय ना ते दोनदा बघ, इमेज काढून झाली असली तरी, त्यात घरच्यांचे बँकेचे कागद पण असतात.

महिना आहे तुझ्याकडे, त्यात पहिला आठवडा डिस्क आणि फ्लॉपीला दे, गेम सामान हलवल्यावर नव्या घरी बघ. अॅडॅप्टर आणायला पेठेत येणार असशील तर गुरुवार सोडून ये, त्या दिवशी लाईटचा भरवसा नसतो आणि दुकानात लावून बघितल्याशिवाय तो घ्यायचा नाही.